सोपा, माजघर आणि आश्रम

आश्रम म्हटले की नदीकाठ, पर्णकुटी, हरणे आणि ध्यानस्थ ऋषी असे एक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पाठ्यपुस्तकांनी आणि कॅलेंडरांनी मिळून ते आपल्या मनात ठसवले आहे. बेळगाव आणि त्याच्या आसपासच्या सीमाभागात मी ज्या आश्रमांतून वावरलो, त्यांतला एकही या चित्रात बसत नाही. एक आश्रम इंग्रज सरकारच्या नोकरीतल्या वनाधिकाऱ्याच्या निवासस्थानी आहे, दुसरा एका शाळामास्तरांच्या वाड्यात आणि आमराईत, तर तिसरा तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी रेल्वे स्टेशनाजवळच्या कोरड्या माळावर वसवलेला. आधी आराखडा, मग पायाभरणी आणि शेवटी साधक, असा क्रम इथे फारसा घडलेला नाही. आधी घर होते आणि दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ न देण्याची त्या घराची रीत होती. आश्रम त्या रीतीतून वाढला. त्यामुळे या इमारतींत सेवाभाव नेमका कुठे दिसतो असे कोणी विचारले, तर मी गाभाऱ्याच्या आधी त्याला सोप्यावर आणि स्वयंपाकघरात घेऊन जाईन.

आमच्याकडच्या जुन्या घरांची रचना ठाऊक असल्याशिवाय हे नीट कळायचे नाही. रस्त्याला लागून कट्टा, आत आले की सोपा, त्यामागे माजघर, माजघराला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे न्हाणी व परडे. पाऊस चार महिने हटत नाही म्हणून छपरे उतरती, कौलारू. जोते जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे. सोपा हा घरातला सर्वांत मोकळा भाग. वाटसरू टेकत, कुळे हिशेबाला बसत, मुले पाढे घोकत, लग्नाच्या याद्या होत. मात्र या मोकळेपणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये, की तो सर्वांसाठी नव्हता. कट्ट्याच्या खालीच उभे राहावे लागणारी माणसे प्रत्येक गावात होती, आणि सोप्यावर बसलेल्यांपैकीही माजघराचा उंबरा ओलांडण्याची मुभा थोड्यांनाच होती. घराचा आश्रम झाला म्हणजे वास्तूत काय बदलले, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की माजघर सोप्यासारखे मोकळे झाले. बाकीचे कळस, शिखरे, कमानी हे सगळे नंतरचे.

1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, ते एक परिचयपत्र घेऊन सदाशिवराव भाटे या वकिलांच्या घरी उतरले. तेव्हा त्यांना जगात कोणी ओळखत नव्हते. शिकागोची धर्मपरिषद अजून जवळजवळ एका वर्षावर होती. भाटे यांचे चिरंजीव त्या वेळी विद्यार्थी होते आणि पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत होते. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणी वाचताना या पाहुण्याने घराला दिलेले लहान-लहान धक्के फार मजेदार वाटतात. हा संन्यासी भगवी वस्त्रे नेसतो, पण जेवणानंतर पान-तंबाखू मागतो. संस्कृत अस्खलित बोलतो आणि इंग्रजीही तितकेच. शाकाहारी की मांसाहारी असे विचारले, तेव्हा आपण परमहंस पंथातले असून समोर येईल ते खातो, असे त्याने सांगितले. मुसलमानांच्या घरचे अन्नही प्रसंगी घेतलेले आहे, हेही त्याने लपवले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बेळगावच्या एका ब्राह्मण घरात, माजघरापासून काही हातांवर, हे बोलणे झाले असेल तेव्हा आतल्या बायकांनी एकमेकींकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना करून पाहावी. पण पाहुण्याला कोणी बाहेर काढले नाही. गावातले वकील, शास्त्री, अधिकारी संध्याकाळी त्या घरी जमू लागले आणि घराचे सभागृह झाले. रिसालदार गल्लीतली ती वास्तू आज स्मारक म्हणून जपलेली आहे. गल्ली अरुंद आहे, रहदारी पुष्कळ आहे, आणि नेमके दार कोणते हे नवख्या माणसाला विचारावे लागते. मला ते योग्यच वाटते, कारण ते मुळात चारचौघांसारखे घर होते.

भाट्यांच्या घरातून स्वामीजी हरिपद मित्र यांच्याकडे गेले. मित्र हे बंगाली गृहस्थ बेळगावात वनखात्याचे अधिकारी होते आणि साधू-संन्याशांबद्दल त्यांचे मत चांगले नव्हते. साधू म्हणजे काहीतरी मागायला आलेला माणूस, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी स्वामीजींना सकाळी फराळाला बोलावले, वाट पाहिली, आणि पाहुणा येईना तेव्हा स्वतःच भाट्यांकडे गेले. तिथे पाहतात तो लोकांचा गराडा पडलेला. इतक्यांना दुखवून येणे बरे दिसले नसते, एवढेच स्वामीजी म्हणाले. आपल्या घरी राहायला चला असा मित्रांनी आग्रह धरला, तेव्हा यजमानांचे मन तुम्हीच वळवा, अशी अट पडली. शेवटी सामान हलवायचे ठरले, तर सामान म्हणजे एक कमंडलू आणि भगव्या फडक्यात बांधलेले एक पुस्तक. मित्रांचा संशय तिथेच निम्मा गळून पडला असावा. पुढच्या काही दिवसांत ते आणि त्यांच्या पत्नी इंदुमती, दोघांनीही स्वामीजींकडून दीक्षा घेतली.

या मुक्कामातले एक संभाषण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते सेवेविषयी आहे आणि त्यात भाबडेपणा अजिबात नाही. भिकाऱ्याला पैसा द्यावा का, असा मित्रांचा प्रश्न होता. तो त्याचा गांजा ओढील ही शंका त्यामागे होती. आपल्यापाशी आहे तर एखाद-दुसरा पैसा द्यावा, तो त्याचे काय करील याची उठाठेव कशाला, असा स्वामीजींच्या उत्तराचा आशय होता. त्याने गांजा ओढला तरी नुकसान त्याचे एकट्याचे होते. न देऊन त्याला चोरीला लावले तर ते सगळ्या समाजाचे होते. दानाचा विचार दात्याच्या पुण्यावर न बेतता गावाच्या स्वास्थ्यावर बेतणारे हे उत्तर आहे. यानंतर साडेचार वर्षांनी, 1 मे 1897 रोजी, रामकृष्ण मिशनची स्थापना झाली आणि ‘आत्मनो मोक्षार्थं जगद्धिताय च’ हे ध्येयवाक्य पुढे सर्वतोमुखी झाले. त्यातल्या ‘जगद्धिताय’ची तालीम बेळगावच्या किल्ल्यातल्या एका सरकारी घरात जेवणानंतरच्या गप्पांतून चालली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तो किल्लाही पाहण्यासारखा आहे. भोवती खंदक, प्रवेशाशी दुर्गा आणि गणपतीची देवळे, आत रट्ट राजवटीत 1204 च्या सुमारास उभी राहिलेली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, जिच्या मंडपाच्या छतातून दगडी कमळ उलटे लोंबताना दिसते आणि मान दुखेपर्यंत पाहत राहावेसे वाटते. त्याच आवारात सफा मशीद. जैन, हिंदू, मुसलमान, आणि 1818 नंतर इंग्रज, प्रत्येकाने तिथे आपापली बांधकामे केली. बाहेरच्याला आत येऊ द्यायचे नाही, या एका हेतूने किल्ला बांधलेला असतो. त्याच्या पोटात, येईल त्याला आत घ्या असे सांगणारी संस्था येऊन बसली. हरिपद मित्र राहत होते ते ठिकाण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रामकृष्ण मिशनच्या आश्रमाचा भाग झाले आणि शेजारी मोठे मंदिर उभे राहिले.

या मंदिराविषयी माझ्या मनात दोन मते आहेत. ती सांगायला आधी कोलकात्याजवळच्या बेलूर मठाकडे, रामकृष्ण संघाच्या मुख्य केंद्राकडे, जावे लागते. तिथले मुख्य मंदिर 14 जानेवारी 1938 रोजी प्रतिष्ठित झाले. विवेकानंदांच्या कल्पनेला आकार देणारे स्वामी विज्ञानानंद हे संन्यास घेण्यापूर्वी सरकारी अभियंते होते. या मंदिरात गाभारा आणि समोरचे विस्तीर्ण सभागृह एकाच छपराखाली सलग जोडलेले आहेत. आपल्याकडच्या देवळात दर्शन हा उभ्याने, रांगेत, क्षणभर उरकायचा प्रसंग असतो. इथे शेकडो माणसे एकत्र बसून आरती म्हणू शकतील अशी रचना मुद्दाम केलेली आहे. रामकृष्ण संघाच्या इतर मंदिरांतूनही हाच विचार पुढे चाललेला दिसतो आणि तो मला मनापासून पटतो. संध्याकाळी ‘खंडन भव-बंधन’ सुरू झाले की शेजारच्या माणसाला शब्द येत नसले तरी चाल येते, आणि सबंध सभागृह एका आवाजात गाऊ लागते. तरीही बेळगावच्या मंदिरातून बाहेर पडल्यावर माझी पावले त्या जुन्या वास्तूकडेच वळतात. मंदिरात मी भाविक असतो, तिथे पाहुणा असतो, आणि पाहुणा म्हणून वागवले जाण्याची सवय आम्हा बेळगावकरांना जरा जास्तच आहे.

बेळगावहून बागलकोट रस्त्याला लागले, सांबऱ्याचा विमानतळ मागे टाकला, की बाळेकुंद्री येते. पंत महाराज बाळेकुंद्रीकर, म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी, यांचा जन्म 1855 चा. बेळगावच्या मिशनरी शाळेत त्यांनी बरीच वर्षे मास्तरकी केली. दिवसा मुलांना इंग्रजी धडे द्यायचे, संध्याकाळी घरी भजन, आणि त्या दोन्हींच्या मध्ये भावंडे, नातेवाईक, आश्रित विद्यार्थी आणि शिष्य यांनी भरलेला प्रपंच. बालावधूत हे त्यांचे गुरू. परंपरा दत्ताची, वृत्ती अवधूताची, आणि पोटापाण्याची सोय पगारावर. संन्यास न घेता, दाढी-जटा न वाढवता, डोक्यावर पगडी घालून शाळेत जाणारा हा सत्पुरुष आमच्या भागातल्या मध्यमवर्गाला इतका जवळचा का वाटतो, हे वेगळे सांगायला नको. बेळगावच्या समादेवी गल्लीतला पंतवाडा हा त्यांच्या संसाराचा वाडा होता, आणि त्याला मठ म्हणायचे कोणाला सुचण्याआधी तिथे कितीतरी पंगती उठून गेल्या होत्या.

16 ऑक्टोबर 1905 रोजी पंतांनी देह ठेवला. समाधीस्थान बाळेकुंद्रीच्या आमराईत आहे. या स्थानाच्या वास्तूबद्दल लिहायचे तर आधी झाडांबद्दल लिहावे लागते. आंब्यांची दाट सावली हेच तिथले पहिले छप्पर. औदुंबर, समाधी आणि पुढची बांधकामे ही सगळी त्या सावलीच्या आश्रयाने राहिलेली आहेत. अश्विन वद्यातल्या पुण्यतिथीच्या उत्सवाला बेळगावच्या वाड्यापासून प्रेमध्वजाची मिरवणूक निघते आणि बाळेकुंद्रीला पोहोचते. कोल्हापूर, सांगली, गोवा, हुबळी-धारवाड असे चारी बाजूंनी लोक येतात. मराठी पदे गाणाऱ्यांत घरी कन्नड बोलणारे पुष्कळ असतात, आणि ते ळ आणि ण इतके स्वच्छ उच्चारतात की पुण्याच्या माणसाने ऐकत राहावे.

उत्सवातली माझी आवडती जागा स्वयंपाकाची. पहाटे चुली पेटतात. चुलवणावर चढवलेल्या काहिलीत आमटी रटरटत असते आणि ती ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी हाता घेऊन उभा असलेला माणूस एरवी बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा असतो. एका बाजूला बायकांचा गोल. तिथे तांदूळ निवडणे, भाजी चिरणे आणि कोणाच्या लेकीचे कुठे जमले याची चौकशी ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू सडून ठेवलेले असतात, गूळ फोडायला कोणीतरी पोरसवदा मुलगा बसवलेला असतो आणि तो फोडता फोडता खातही असतो. नवीन आलेल्या माणसाला कोणी नाव विचारत नाही. ‘या की, हिकडं बसा, ह्या शेंगा सोला,’ एवढ्यावर ओळख होते. पंगत बसली की वाढपी वाकून वाढतो, आणि समोरचा पानावर आडवा हात धरीपर्यंत थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या पंगतीनंतर त्याची कंबर काय म्हणत असेल ते त्यालाच ठाऊक. पण त्याला बसा म्हटले तर तो रागावतो. शेवटच्या पंगतीला, आमटी थोडी पातळ झालेली असताना, ही सगळी मंडळी जमिनीवर बसून जेवतात. त्या पंगतीला जात, हुद्दा, भाषा यांपैकी काहीच ओळखता येत नाही, कारण सगळ्यांच्या कपड्यांवर सारखेच डाग असतात.

बेळगावची हिरवाई मागे टाकून पूर्वेला विजापूरकडे निघाले की जमीन काळी होत जाते, झाडे विरळ होतात आणि घरांची छपरे उतरती न राहता सपाट, धाब्याची होतात. जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो तिथे उतार कोणासाठी ठेवायचा? सोलापूर-विजापूर लोहमार्गावर निंबाळ हे लहानसे स्टेशन आहे. तिथे गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम आहे. जमखंडीत 1886 साली जन्मलेले रानडे तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक. अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू. पण त्यांची ओढ या माळाकडे होती. प्रकृती नाजूक, क्षयाने पोखरलेली. कोरडी हवा त्यांना मानवली. 6 जून 1957 रोजी त्यांचे निधन झाले तेही निंबाळातच. त्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज, आणि संप्रदाय इंचगिरीचा. त्यात सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन वेळचे भजन, दासबोधाचे वाचन आणि दीर्घ नामस्मरण हा नेम. बेळगावच्या हिंदवाडीतले गुरुदेव रानडे मंदिर त्यांच्याच विचारांचे घर आहे आणि तिथे व्याख्यानाला गेलेल्या पुष्कळांना निंबाळची वाट तिथूनच सापडते.

निंबाळच्या वास्तूत दाखवण्यासारखे फारसे काही नाही, आणि हे मी कौतुकाने लिहितो आहे. भजनाला बसायची जागा, ध्यानाला बसायची जागा, जेवायची जागा, निजायची जागा. बैठकीत एक अभंग तुकोबांचा झाला की पुढचे पद कन्नड दासांचे येते, आणि टाळ कुठेही अडखळत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने इकडच्या माणसांच्या आयुष्यात जी रेघ ओढली तिच्यावर आम्ही आयुष्यभर वाद घालत आलो आहोत आणि पुढेही घालू, तो आमचा हक्क आहे. पण भजनाच्या बैठकीत तो वाद मी कधी ऐकलेला नाही. जेवणाच्या वेळी ‘ऊटा आतेन्री?’, म्हणजे जेवण झाले का, असे विचारणाऱ्या आजीला मी मराठीत उत्तर देतो, ती पुढचा प्रश्न कन्नडमध्ये विचारते, आणि भाकरीवर शेंगदाण्याची चटणी पडते. प्राध्यापकांचा आश्रम म्हणून तिथे विद्वानांना वेगळी पंगत असेल अशी कोणाची समजूत असेल, तर ती पहिल्याच जेवणाला दूर होते. ताट ज्याचे त्याने घासायचे.

अनगोळच्या हरिमंदिराचा उल्लेख केल्याशिवाय बेळगावची ही गोष्ट पुरी होत नाही. कलावती आई हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींच्या शिष्या. त्यांनी मुलांसाठी लावून दिलेली उपासना बेळगावपासून मुंबईपर्यंत कितीतरी घरांतून संध्याकाळी म्हटली जाते. वर ज्या माजघराबद्दल लिहिले, त्यात जिचा दिवस जात असे तिनेच तिथे मध्यभागी बसून भजन सांगावे, हे आमच्या भागाने पाहिलेले मोठेच स्थित्यंतर होते, आणि त्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे सविस्तर लिहायला हवे.

आता थोडे कुरकुरीचे. या भागातल्या लहान-मोठ्या मठ-आश्रमांतून गेल्या काही वर्षांत बांधकाम जोरात चालू आहे. जांभ्याचे जोते जाऊन ग्रॅनाइट येते, कौले जाऊन स्लॅब येतो, आणि पायरीपायरीवर देणगीदारांची नावे कोरली जातात. ग्रॅनाइटवर पाय घसरतो, स्लॅबखाली उन्हाळ्यात भाजून निघायला होते, असे मी एकदा एका आश्रमातल्या झाडलोटीचे काम करणाऱ्या बाईंपाशी बोललो. त्या म्हणाल्या, ‘दादा, शेणानं सारवायला तुम्ही येतासा काय?’ त्यांचे म्हणणे बिनतोड होते. फरशी एका फडक्यात पुसून होते, आणि सारवणाचे कौतुक करणारे बहुधा सारवणारे नसतात. म्हणून फरशीबद्दलची तक्रार मी सोडून दिली आहे. नवीन भक्तनिवासात कमोड बसवले, जिन्याशेजारी उतार केला, सभागृहाच्या कडेला खुर्च्या मांडल्या, तर त्याला आधुनिक थेर म्हणणाऱ्यांशीही मी भांडतो. म्हाताऱ्या गुडघ्यांची सोय बघणे हीही वास्तूने करायची सेवाच आहे, आणि ती जुन्या वाड्यांनी मुळीच केली नव्हती. आमच्या वाड्यातला माळ्यावर जायचा जिना आठवला की अजून धडकी भरते.

नावांच्या पाट्यांबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. एका लहानशा मठाच्या विश्वस्तांना, ते ओळखीचे असल्यामुळे, मी सुचवून पाहिले की ज्याचे नाव भिंतीवर लागेल त्याने वर्षातून एक पंगत स्वतः वाढावी, अशी अट घाला. ते मोठ्याने हसले. अशी अट घातली तर वर्गणी निम्म्यावर येईल आणि वाढपी दुप्पट होतील, आणि वाढप्यांच्या अंगात दम असला तरी सिमेंटचे पैसे कोण देणार, असा त्यांचा हिशेब होता. मी म्हटले, निम्म्या पैशांत निम्मे बांधा. त्यावर ते काही बोलले नाहीत. कोठीची किल्ली काढून मला बरोबर घेतले आणि उत्सवासाठी आलेल्या तांदळात खडे फार आहेत, चार माणसे निवडायला मिळतील का, एवढे विचारले.